मामांचे लाकडे फोडायचे यंत्र



'सुट्टीत आम्ही काय केले' या विषयावर मुलांकडून बाईंनी निबंध लिहून घेतले, ते आपण या अंकात वाचालच. माझ्या मुलाने आपल्या निबंधात आमच्याविषयी दोनच वाक्ये लिहिली आहेत : 'बाबांनी मामाआजोबांचे यंत्र दुरुस्त केले. बाबा खूप मळले होते.' दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण या दोन वाक्यांमागे पंचवीस वर्षांची गोष्ट आहे आणि ती मुलाने नव्हे, मी लिहायला हवी, असे बाई म्हणाल्या. म्हणून हा प्रपंच.

माझे ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये आहे. एक्स्पो स्टेशनवर उतरून पाच-सात मिनिटे चालले की काचेच्या इमारती सुरू होतात. सगळीकडे गारवा आणि शांतता. मी पदवीने मेकॅनिकल इंजिनिअर. पण नोकरी लागली ती संगणकाची आणि गेली बावीस-तेवीस वर्षे मी कीबोर्डशिवाय दुसरे हत्यार हातात धरलेले नाही. आपल्या वर्गातल्या निम्म्या पालकांची हीच कथा असेल.

२०२३ च्या नोव्हेंबरात एका दुपारी वादळी पाऊस झाला आणि ऑफिसजवळच्या पर्जन्यवृक्षाची एक मोठी फांदी मोडली. तासाभरात कामगार आले. फांदीचे तुकडे करून ते एका यंत्राच्या तोंडात सारू लागले. पलीकडून भुसा बाहेर पडत होता. मी जेवणाचा डबा हातात धरून बघत उभा राहिलो. त्या यंत्राच्या तोंडाभोवती एक लाल दांडी होती. कामगाराने ती सहज मांडीने ढकलली आणि आत ओढणारे रूळ जागच्या जागी थांबले. कोणाचा हात किंवा बाही आत ओढली जाऊ लागली, तर अंगाचा धक्का लागूनच ओढणे थांबावे, अशी ती व्यवस्था. मला एकदम मामांचा डावा हात आठवला.

माझे आजोळ भिलवडी. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी. मुलांना भिलवडी माहीत नसली तरी चितळ्यांची बाकरवडी माहीत आहे. त्या चितळ्यांचा दुधाचा धंदा १९३९ साली याच भिलवडीत सुरू झाला. रेल्वेने पुढचे स्टेशन किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळरानावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर व कडबा कापायची यंत्रे बनवली. त्या भागातल्या माणसांना यंत्रांचे वेड आहे ते तेव्हापासून. शेतकऱ्याच्या पोरालाही तिथे पाना कसा धरायचा ते कळते.

मामांची लाकडाची वखार होती. वखार म्हणजे जळाऊ लाकूड विकण्याचे दुकान. मुलांनो, तेव्हा घरोघरी तांब्याचा बंब असे. मध्ये नळी, नळीत पेटते लाकूड आणि भोवती पाणी. सकाळी साऱ्या घराच्या आंघोळी त्यावर होत. बंबाला बारीक ढलप्या लागत. लग्नाच्या आचाऱ्याला जाड फाळी लागत. बाभळीचा गाठाळ ओंडका कुऱ्हाडीने फोडायचा तर गड्याला घाम फुटे. म्हणून १९९४ साली मामांनी एका लेथवाल्या मिस्त्रींकडून एक यंत्र बनवून घेतले. आम्हा मुलांना ती मोठीच मौज होती.

यंत्र दिसायला साधे. खाली लोखंडी गर्डर. एका टोकाला पोलादी पाचर, घट्ट वेल्डिंग केलेली. दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हायड्रॉलिक सिलिंडर. मध्ये ओंडका ठेवायचा. पाच हॉर्सपॉवरची मोटार पंप फिरवी, पंप तेल सिलिंडरमध्ये दाबी आणि सिलिंडरचा रॉड ओंडक्याला पाचरीवर रेटत नेई. कर्रर आवाज होई आणि ओंडक्याचे दोन भाग. आम्ही टाळ्या वाजवत असू.

एवढी ताकद कोठून येते? फ्रान्समध्ये १६२३ साली जन्मलेल्या पास्कल नावाच्या विद्वानाने सांगितले, की कोंडलेल्या द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पसरतो. त्याचा उपयोग करून इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. मामांच्या यंत्राचा हिशेब असा : सिलिंडरचा आतला व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० किलो. दोहोंचा गुणाकार ७,८०० किलो. म्हणजे पावणेआठ टन! दोन थोराड हत्तींच्या वजनाएवढा रेटा. आणि वेग? सेकंदाला जेमतेम पावणेचार सेंटिमीटर.  इतक्या सावकाश चालणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही. तिथेच माणूस फसतो.

आता ती गोष्ट, जी मी आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती.

१९९९ ची दिवाळीची सुट्टी. मी एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मामांनी मोठ्या कौतुकाने लिव्हर माझ्या हातात दिली. 'इंजिनेर होणार तू, चालव.' मामा स्वतः ओंडका धरायला उभे राहिले. तो वाकडा होता, सारखा कलंडत होता. मी लिव्हर पुढे ढकलली. तेवढ्यात रस्त्यावर मित्राची मोटारसायकल वाजली आणि मी मान वळवली. मामा म्हणाले, 'थांब.' मी लिव्हर सोडली. पण ती लिव्हर खटक्याची होती. पुढे ढकलली की खटक्यात अडकून तिथेच राही आणि मागे ओढेपर्यंत यंत्र चालूच. मी सोडली, म्हणजे थांबले असे मला वाटले. ते थांबले नव्हते. मामांची बोटे ओंडका आणि रेटणारी लोखंडी प्लेट यांच्या मध्ये होती.

डाव्या हाताची दोन बोटे अर्ध्यावर गेली. दवाखान्यात मामांनी डॉक्टरांना सांगितले, 'माझाच हात घसरला.' मामींना तेच सांगितले. माझ्या आईलाही तेच. मी शेजारी उभा होतो. मी काहीच बोललो नाही. पुढे त्याच मामांनी माझ्या दोन वर्षांच्या फीला हातभार लावला. यंत्र मात्र चालूच राहिले, कारण वखार चालवायची होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. भिलवडीत घराघरांत पाणी शिरले. वखार बुडाली, लाकडे वाहून गेली. यंत्र जड म्हणून जागेवर राहिले, पण कित्येक दिवस पाण्याखाली. मामांनी त्यावर ताडपत्री टाकली आणि विषय संपवला.

चांगीतली ती लाल दांडी पाहिल्यावर महिन्याभराने आम्ही भिलवडीला गेलो. मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. भंगारवाला यंत्र न्यायला येणार होता. मी म्हटले, 'मामा, देऊ नका. मी करतो दुरुस्त.' मामा हसले. 'आरं, तुझं काम कांपुटरचं. ह्ये लोखंड हाय.' माझा मुलगा लगेच म्हणाला, 'पण बाबा मेकॅनिकल इंजिनिअर आहेत ना?' आता माघार घेणे शक्य नव्हते.

मूळ मिस्त्री हयात नव्हते. त्यांचा मुलगा आता वर्कशॉप चालवतो. त्याला बोलावले. टाकीचा बूच काढल्यावर चहासारखे दुधाळ तेल बाहेर आले. तेलात पाणी मिसळले, की असे होते. टाकीच्या तळाशी बोटभर काळा गाळ. मिस्त्री म्हणाला, 'ही कृष्णामाईच आत बसलीया.' मोटार रिवाइंडिंगला गेली. पंपाच्या दात्यांवर ओरखडे पडले होते, तो बदलावा लागला. सिलिंडरच्या रॉडवर गंजाचे खड्डे होते. वरून पॉलिश केले असते तर दिसायला छान झाले असते; पण खड्ड्याच्या कडा रबरी सील कापतात आणि चार दिवसांत तेल गळू लागते. म्हणून रॉड घासून त्यावर पुन्हा क्रोम चढवायला कुपवाडच्या एमआयडीसीत पाठवला. सीलची मापे मी व्हर्नियरने घेतली आणि तिन्ही वेळा वेगवेगळी आली. मिस्त्रीने एकदाच घेतले आणि ते बरोबर निघाले.

नवे ६८ नंबरचे तेल भरले, मोटार सुरू केली. पंप किंचाळू लागला, रॉड गचके खात पुढे सरकू लागला. मी पुस्तकी निदान केले : दाब कमी पडतोय. दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू आवळायला पाना लावला. मिस्त्रीने माझा हात धरला. 'साहेब, आवळून रोग जात न्हाई, मशीन फुटतं.' त्याने टाकीचे झाकण उघडून दाखवले. तेलावर साबणासारखा फेस होता. म्हणजे पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. टाकीतून पंपाकडे येणारा जुना होज जोडापाशी तडकलेला होता. होज आणि क्लिप बदलली, किंचाळणे थांबले. ऑफिसात मी माझ्या कनिष्ठांना नेहमी सांगतो, की लक्षणावर औषध देऊ नका, कारण शोधा. ते मला त्या दिवशी वर्कशॉपमध्ये ऐकावे लागले.

आणखी एक धडा मुलांनीही लक्षात ठेवावा. गळती शोधायला माझा मुलगा होजवरून हात फिरवणार, तोच मिस्त्री ओरडला. सुईएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघणारे तेल कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते. आतून हात सडू शकतो. दवाखान्यात ताबडतोब जावे लागते. म्हणून गळती हाताने नव्हे, पुठ्ठा पुढे धरून पाहतात.

यंत्र चालू झाले. मामा खूश झाले. पण मला ते तसेच परत द्यायचे नव्हते. मी मामांना म्हटले, 'जूनपर्यंत कोणी वापरू नका. लिव्हर बदलायची आहे.' मामांनी माझ्याकडे पाहिले. काही विचारले नाही. मोटारीची वायर काढून कपाटात ठेवली.

सिंगापूरला परतल्यावर रोज जेवणाच्या सुट्टीत मी कागदावर आकृत्या काढू लागलो. पहिली गोष्ट सोपी होती : खटक्याचा व्हॉल्व्ह काढून स्प्रिंगचा लावायचा. लिव्हर सोडली की यंत्र आपोआप थांबेल. दुसरी गोष्ट : ओंडका धरायला माणूस लागू नये म्हणून गर्डरच्या दोन्ही अंगांना पन्हाळीसारखे पत्रे. तिसरी गोष्ट महत्त्वाची : यंत्र चालवणाऱ्याचे दोन्ही हात लिव्हरवर असल्याशिवाय ते हलताच कामा नये.

आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात उभयान्वयी अव्यये आहेत ना, 'आणि', 'किंवा'? जुने यंत्र 'किंवा'चे होते : हा हात किंवा तो हात, कोणताही चालेल, दुसऱ्या माणसाचाही चालेल. मला 'आणि' हवा होता : डावा आणि उजवा. संगणकात हे एका ओळीचे काम. लोखंडात 'आणि' कसा लिहायचा, याला मला दोन महिने लागले.

उत्तर असे निघाले. दोन लिव्हर, एकमेकींपासून दोन फुटांवर, म्हणजे एकाच हाताने आणि कोपराने दोन्ही दाबता येणार नाहीत. दोहोंना जोडणारी एक आडवी पट्टी. पट्टीच्या मध्यावरून एक सळई व्हॉल्व्हकडे जाते. एकच लिव्हर ढकलली, तर पट्टीचे एकच टोक सरकते आणि मध्य निम्माच सरकतो. त्या निम्म्या अंतराएवढे लांबट भोक सळईला ठेवले. म्हणजे निम्मी हालचाल त्या मोकळ्या भोकातच जिरते, व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. दोन्ही लिव्हर ढकलल्या, तरच मध्य पूर्ण सरकतो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

हे जुळते का ते पाहायला आम्ही बापलेकांनी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन नमुना बनवला. तेव्हा मुलाने विचारले, 'पण बाबा, एवढं कशाला? मामाआजोबांची बोटं याच मशीनमध्ये गेली का?' आजवर मी 'अपघातात गेली' एवढेच सांगत आलो होतो. त्या रात्री मी त्याला सगळे सांगितले. मोटारसायकल, वळलेली मान, दवाखान्यात गप्प राहिलेला मी. तो बराच वेळ काडी फिरवत बसला. मग म्हणाला, 'तुम्ही मामाआजोबांना सॉरी म्हटलंत का?' मी म्हटले, 'नाही.'

२०२४ च्या जूनच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. मिस्त्रीने आकृती पाहिली आणि म्हणाला, 'साहेब, गडी सुतळीनं एक लिव्हर बांधून टाकणार. एका हातानं मशीन चालवणार आन् दुसऱ्यानं तंबाखू मळणार.' ऑफिसात असले प्रश्न काढणाऱ्याला आम्ही वेगळा पगार देतो! आम्ही नमुना पुढ्यात घेऊन बसलो. मुलाने एक काडी पुढे दोऱ्याने बांधली आणि दुसरी पुढेमागे करून पाहिली. दुसरी पुढे ढकलल्यावर रॉड पुढे गेला खरा. पण मागे आणायला दुसरी कितीही ओढली, तरी पट्टीचा मध्य अधल्यामधल्या जागीच अडकला. रॉड परत येईना. बांधलेली लिव्हर सोडल्याशिवाय पुढचा ओंडका ठेवताच येणार नाही! हा गुण आम्ही ठरवून घातलेला नव्हता, तो त्या रचनेतच होता. मिस्त्रीने मुलाच्या पाठीवर थाप मारली.

वेल्डिंग, ड्रिलिंग, रंग यांत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मामांनी नारळ फोडला. बाभळीचा एक ओंडका पन्हाळीत ठेवला आणि सगळ्यांना चार पावले मागे उभे केले. मामा दोन्ही लिव्हरांमध्ये उभे राहिले. उजवा हात उजव्या लिव्हरवर, तीन बोटांचा डावा हात डाव्या लिव्हरवर. ओंडका कर्रर करून उकलला. मध्येच त्यांनी मुद्दाम डावा हात सोडून पाहिला. रॉड जागच्या जागी थांबला. मामा थोडा वेळ त्या थांबलेल्या रॉडकडे बघत राहिले.

संध्याकाळी सोप्यात बसलो असताना मी म्हटले, 'मामा, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. चूक माझी होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.' मामी आतून चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. मामा म्हणाले, 'तुला काय वाटतं, मला ठावं न्हवतं?' माझ्या मुलाने न राहवून विचारले, 'मग तुम्ही बाबांवर रागावला नाहीत का?' मामा म्हणाले, 'पोरगं हुतं ते. लिव्हर त्याच्या हातात कुणी दिली? मीच न्हवं का?' मग मामींकडे वळून म्हणाले, 'चा गार हुतुय.' मामींनी चहा दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एवढेच झाले.

मुलांनो, माझ्या गोष्टीत तुमच्यासाठी एक प्रयोगही आहे. सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० ची. दोन्हींत रंगीत पाणी भरून पातळ नळीने जोडा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. लहान सिरिंज तुम्ही दाबा, मोठी बाबांना अडवायला सांगा. बाबा हरतील. दोन्हींचे व्यास मोजून क्षेत्रफळे काढा, म्हणजे का हरले ते कळेल. मग नळीत मुद्दाम हवा सोडून पुन्हा करून पाहा. मामांचे यंत्र गचके का खात होते, तेही कळेल.

आणि पालकहो, आपल्याकडे १९८३ साली मळणीयंत्रांसाठी धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. सिंगापुरात २००६ पासून कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा कायदा आहे. तरीही गावोगावच्या अशा घरगुती यंत्रांवर कोणाची नजर जात नाही. पुढच्या सुट्टीत गावी गेलात, तर कडबा कापायचे यंत्र, पंपाचा पट्टा, उसाच्या रसाचा चरक यांवर झाकण आहे का, एवढे जरूर पाहा. नसेल तर गावातल्या मिस्त्रींना चहाला बोलवा. आपल्याकडे आकृती काढायला वेळ असतो, त्यांच्याकडे हात असतात.

मामांनी परवाच फोन केला होता. पावसाळ्यात ओल्या लाकडाला यंत्र थोडे कुरकुरते म्हणाले. नव्या गड्याने खरोखरच सुतळी बांधून पाहिली होती आणि रॉड पुढे जाऊन अडकून बसला, तेव्हा त्याने मामांना हाक मारली. मामा सांगताना खूप हसत होते.

आपला,
एक पालक